बारा म्हशींचं कॉलेज

लोणावळ्याला लोक धबधबा, धुकं आणि चिक्की यांसाठी जातात. मी एका मुलीच्या कॉलेजसाठी गेले. चार दिवसांत धबधबा लांबून पाहिला, धुक्यात दोनदा रस्ता चुकले, चिक्की मात्र नेमाने खाल्ली. तरीही ज्यांनी अजून मावळ पाहिलेला नाही त्यांनी तो माझ्यासारखाच पाहावा, म्हणजे ताकाच्या कॅनवर हात ठेवून, पिकअपच्या मागच्या बाजूने, असं माझं मत झालं आहे.

परंदवडी, बुधवार

माझी मावसबहीण सुनंदा सोमाटण्याजवळच्या परंदवडीत दिली आहे. तिचा फोन आला तो असा : "आक्का, तू लातूरची. शिक्षणातलं तुम्हा लोकांना कळतं. चार दिवस ये."

लातूरच्या माणसाला शिक्षणातलं कळतं ही समजूत आता महाराष्ट्रभर पसरली आहे, आणि आम्हीही ती खोडून काढत नाही. आमच्याकडे गुणवंतांचे फोटो इतक्या उंचीवर लावतात की खाली उभ्या असलेल्या त्यांच्या आयांनाही ते ओळखू येत नाहीत. मी स्वतः एकतीस वर्षं एका कॉलेजात ग्रंथपाल होते. कॉलेज मागच्या दाराने पाहिलेली व्यक्ती, एवढीच काय ती माझी पात्रता.

परंदवडीला पोचले तेव्हा खाचरांत भात गुडघाभर उभा होता आणि पाणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, कोणाची परवानगी न घेता, वाहत होतं. आमच्या लातूरला एकदा पाणी रेल्वेने आलं होतं. त्यामुळे एवढं पाणी नुसतं वाहून जाताना बघितलं की मला कोणाला तरी फोन करून कळवावंसं वाटतं. ते बघण्याच्या नादात बांधावरून माझा पाय सरकला आणि एक चप्पल खाचरात गेली. सुनंदाची मुलगी, माझी भाची ऋतुजा तिथेच घ्यायला आली होती. तिने सलवार वर खोचली, चिखलात हात घातला आणि चप्पल काढून, वाहत्या पाण्यात धुऊन माझ्या हातात दिली. "मावशी, बंद निघालाय. घरी गेल्यावर बसवते," ती म्हणाली. आणि बसवला. गोठ्यातल्या कडबाकुट्टी यंत्राचं पातंसुद्धा तीच बसवते, असं कळलं. मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं असं तिने ठरवलं होतं, ते कोणा वक्त्याचं भाषण ऐकून नव्हे.

रात्रीच्या जेवणाला थांबावं लागलं नाही. चार वाजताच इंद्रायणीचा भात आणि खेकड्यांचा रस्सा पुढे आला. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीशी माणसाची फार तर ओळख असते, इथे भाताशी नातं असतं. खेकडा कसा फोडायचा हे मला कळेना. सुनंदाने बत्त्याने एक घाव घालून प्रश्न सोडवला आणि मग कॉलेजचा प्रश्न माझ्यापुढे ठेवला.

मुलीला दोन जागा मिळाल्या होत्या. एक महामार्गाच्या खालच्या अंगाला असलेल्या जुन्या सरकारी कॉलेजात. तिथे मुलींना फी जवळजवळ नाहीच. दुसरी लोणावळ्याच्या वर, डोंगरावर नव्याने झालेल्या खाजगी विद्यापीठात. घरात त्यांना 'खालचं' आणि 'वरचं' म्हणत. दोन्हीकडे मुदत एकच : शनिवारी संध्याकाळी पाच. तोवर खालच्याला ऑनलाइन होकार द्यायचा, नाहीतर वरच्याचा पहिला हप्ता भरायचा. एक घेतलं की दुसरं गेलं.

वरच्या कॉलेजचं पत्रक मी हातात घेतलं. ते कॅलेंडरपेक्षा जाड होतं आणि त्याला अत्तराचा वास होता. मुखपृष्ठावर एक मुलगी आकाशाकडे बघून हसत होती. आकाशाकडे बघून हसणारी इंजिनिअर मी अजून पाहिलेली नाही. मुलींना सरकार जी फीची सवलत देतं ती इथे लागू नाही, हे शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात होतं.

"फी किती?" मी विचारलं.

सुनंदाचे यजमान दत्तात्रय, म्हणजे आमचे दाजी, नऊ म्हशींचे मालक. गाव त्यांना दत्ताभाऊ म्हणतं. त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाले, "वर्साला तीन म्हशी."

"चार वर्षांच्या बारा झाल्या."

"व्हय."

"गोठ्यात नऊ आहेत."

"म्हून तर तुमाला बोलावलं, आक्का."

मला वाटलं होतं की मुलगी वरच्यासाठी हट्ट धरून बसली असेल आणि बापाला परवडत नसेल. इथे सगळं उलटं होतं. वरच्यासाठी बापच अडून बसला होता. दाजी सातवी शिकले, आणि त्यातली तीन वर्षं पावसाने खाल्ली असं ते सांगतात. त्यांच्या शाळेचं छप्पर असं गळायचं की पाऊस आला की मास्तर वर्ग सोडायचे. "माझी पोरगी गळक्या छपराखाली शिकायची न्हाई," एवढं एकच कलम होतं. खालच्या कॉलेजचं छप्पर गळतं, ही बातमी त्यांना कुठून तरी लागली होती.

तेवढ्यात अंगणात रशीदभाई आले. कामशेतचे जनावरांचे व्यापारी. पांढरी टोपी, हातात छत्री, बोलणं दाजींसारखंच. पहिल्या तीन म्हशी तेच घेणार होते. त्यात चंद्री नावाची एक होती, कपाळावर पांढरा टिळा असलेली, जिच्याशी दाजी घरच्यांपेक्षा जास्त बोलत. रशीदभाईंनी भावाबद्दल चकार शब्द काढला नाही. ते स्टूल घेऊन गोठ्यात जाऊन बसले आणि दाजी धार काढत असताना बघत राहिले.

"हे काय चाललंय?" मी ऋतुजाला विचारलं.

"म्हैस घ्यायच्या आधी तीन धारा बघतात, मावशी. आज सांजची, मग एकदा सकाळची, परत एकदा सांजची. नाहीतर विकणारा आदल्या वेळची धार काढतच नाही. तुंबवतो. मग कास अशी दिसते की बघणारा येडा होतो."

"सारखीच धार मिळाली तर मग पैसे?"

रशीदभाईंनी आतून ऐकलं. "तरी न्हाई द्यायचे, ताई. निघताना चहा मागायचा. त्यो कुठल्या म्हशीच्या दुधाचा हाय ते बघायचं. विकणारा सोताच्या घरात जिचं दूध पितो ना, ती खरी म्हैस."

ऋतुजा खांबाला टेकून उभी होती. म्हणाली, "मग पप्पा, कॉलेजच्या पण तीन धारा बघू या की."

दाजींचे हात थांबले. "म्हशीचं येगळं, पोरीचं येगळं."

"पोरगी बरोबर बोलतीय, दत्ताभाऊ," रशीदभाई म्हणाले. "माझ्या खिशातनं पैसा काढायला तीन धारा, अन् तुमच्या खिशातनं जायला एक पुस्तक?" त्यांनी छत्रीच्या टोकाने अत्तराच्या पत्रकाकडे बोट केलं.

स्वतःच्या धंद्याचा नियम स्वतःच मोडायचा कसा? दाजी गप्प बसले. त्या घरात याला होकार म्हणतात.

डोंगरावर, गुरुवार

पहिली धार रीतसर होती, म्हणजे आम्ही वेळ घेऊन गेलो. वरच्या कॉलेजचं प्रवेशद्वार एखाद्या किल्ल्याला लाजवेल असं होतं; फरक एवढाच की किल्ल्याला दार असतं ते आत कोणी येऊ नये म्हणून. इथे आम्हाला कुंकू लावलं, गुलाबाचं फूल दिलं, आणि कोट घातलेल्या एका हसतमुख तरुणाच्या ताब्यात दिलं. त्याला 'समुपदेशक' म्हणत. त्याने दाजींना सर, सुनंदाला मॅम आणि ऋतुजाला 'भावी नेतृत्व' अशी हाक मारली. सुनंदाने पदर सावरला आणि मला हळूच विचारलं, "आक्का, ह्याला आपण काय द्यायचं असतं का?"

पोरगा वाईट नव्हता. मनापासून बोलत होता. पण फीचं विचारलं की 'गुंतवणूक' म्हणायचा, आणि नोकरीचं विचारलं की 'विश्व खुलं होतं' म्हणायचा. सगळं विश्व खुलं होणार म्हटल्यावर एखाद्या कंपनीचं नाव विचारणं आम्हालाच कोतेपणाचं वाटू लागलं. एका भिंतीवर नोकरी मिळालेल्यांचे हसरे फोटो होते. दाजी त्या भिंतीपुढे देवळात उभं राहावं तसे उभे राहिले.

मी मनातल्या मनात हसत होते. दिखाव्याला भुलणारी बाई मी नव्हे, हा माझा जुना समज. मग त्याने ग्रंथालय दाखवलं.

आता कबूल करते. तिन्ही बाजूंनी काच, काचेपलीकडे दरी, दरीत ढग, आणि ढगातून अधूनमधून डोकावणारा नागफणीचा सुळका. सागवानी टेबलं. प्रत्येक टेबलावर हिरव्या छत्रीचा दिवा. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, एकाही कण्याला चुणी नाही. मी एकतीस वर्षं ज्या खोलीत काढली तिथे खिडकीबाहेर सायकल स्टँड होता. मी एका खुर्चीत बसले, आणि उठावंसं वाटेना. उठले तेव्हा दाजींना म्हणाले, "दाजी, हे बरं वाटतंय मला."

दाजींचा चेहरा उजळला. ऋतुजा फक्त म्हणाली, "मावशी, ही पहिली धार."

परतताना भुशीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत आम्ही दीड तास अडकलो. धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसण्यासाठी पुण्यामुंबईहून माणसं येतात आणि तिथे बसून शेजारच्याच्या पाठीकडे बघतात. रस्त्यावर मक्याची भजी मिळाली, ती मात्र बसून बघण्यासारखी होती. सुनंदाने चार जातींची चिक्की घेतली. घेण्याआधी प्रत्येकीचा तुकडा चाखला, आणि दुकानदारानेही तो न मागताच पुढे केला. इथे चिक्कीचीसुद्धा धार बघतात.

मागच्या दाराने, शुक्रवार

गावच्या दूध संस्थेची पिकअप रोज लोणावळ्याच्या हॉटेलांना आणि वरच्या कॉलेजच्या कँटीनला दही-ताक पोचवते. शुक्रवारी दाजींनी दुसऱ्याची पाळी मागून घेतली. दाजी आणि सुनंदा पुढे, मी आणि ऋतुजा मागे कॅनच्या सोबतीला. घाटमाथ्याचं धुकं ताडपत्रीच्या फटीतून आत येत होतं. वळणावर ताक हिंदकळलं आणि माझ्या मांडीवर सांडलं. लातूरहून येताना मी एकच बरी साडी आणली होती.

आदल्या दिवशी गुलाबाचं फूल देणारं ते प्रवेशद्वार आम्हाला दिसलंच नाही. ताकाचा रस्ता वेगळा. कँटीनच्या मागच्या अंगणात एक दणकट बाई भांडी मोजत होती. हिराबाई तिचं नाव, शेजारच्या कुरवंड्याची. दाजींनी कॅन उतरवले आणि खरं ते सांगून टाकलं : "मावशी, पोरीला हितं घालायची हाय. जरा आतनं बघू द्या."

हिराबाईंनी ऋतुजाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बगा की. माज्या डब्याला हात लावू नका म्हंजी झालं."

ऋतुजा यंत्रशाळेकडे गेली, मी ग्रंथालयाकडे. अकरा वाजले होते, कॉलेज भरलेलं होतं. मुलं होती, हसरी होती, चांगल्या घरची होती. ग्रंथालयात मात्र एक कर्मचारी होता आणि हिरवे दिवे होते.

"आज मुलं नाहीत?" मी विचारलं.

"असतात ना मॅडम. पाहुणे असले की असतात."

हल्ली पुस्तकांची नोंद संगणकावर होते हे मला ठाऊक आहे, म्हणून मी मागच्या पानावरच्या कोऱ्या चिठ्ठीवरून काही ठरवलं नाही. मी पुस्तक उघडलं. पहिल्यांदा उघडणाऱ्या पुस्तकाचा कणा एक आवाज करतो, सुकी काटकी मोडावी तसा. ग्रंथपालाला तो आवाज झोपेतही ओळखता येतो. मी यंत्रशास्त्राची बारा पुस्तकं उघडली. बाराही बोलली. कर्मचारी काळजीने जवळ आला. "मॅडम, काही मोडलं का?"

"मोडलं," मी म्हणाले. "पण तुमचं नाही."

दिखाव्याला न भुलणारी बाई मग गुपचूप यंत्रशाळेकडे गेली. तिथे दाजी आणि ऋतुजा एका मोठ्या यंत्रापुढे उभे होते. यंत्र झकास होतं. उद्घाटनाची लाल फीत एका टोकाला अजून बांधलेली होती आणि बटणांवर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक तसंच होतं. दाजी वाकून मुठीकडे बघत होते. ज्या माणसाने दिवसातून दोनदा नऊ म्हशींची धार काढली त्याला हात लागलेली आणि न लागलेली वस्तू सांगावी लागत नाही.

"मूठ कोरी हाय," ते एवढंच म्हणाले.

निघताना हिराबाईंनी चहा दिला. साडीवरच्या ताकाच्या डागाकडे बघून तिने न विचारता ओलं फडकंही दिलं. सुनंदाने सहज विचारलं, "तुमची मुलं-बाळं?"

"एक पोरगी हाय. विंजिनेर झाली. कंपनीत लागली, चाकणला."

"मग तुमाला बरं पडलं असंल, पोरगी हितंच शिकली," दाजी म्हणाले.

हिराबाईंनी पातेलं खाली ठेवलं. "हितं? आवो, हितं तर आमच्या सायबाचा पोरगा बी न्हाई. फाटकावरच्या वाचमनचा न्हाई. माजी खालच्या कॉलेजात शिकली." मग गैरसमज नको म्हणून तिने भर घातली, "हे वाईट न्हाई बरं का. लय चांगली पोरं येत्यात. पर ती आदीच चांगली असत्यात."

शिक्षणशास्त्रावरची पुष्कळ जाड पुस्तकं मी कपाटात लावली आहेत. हे वाक्य त्यांतल्या काहींना तीनशे पानांतही जमलेलं नाही. वरच्या कॉलेजातून कोणी वर चढत नाही असं नव्हे. पण ज्यांच्या घरात शिडी आधीच आहे, त्यांनाच तिथे ती टेकवायला भिंत मिळते. बारा म्हशी देऊन भिंत घ्यायची का, एवढाच प्रश्न होता.

दाजींनी हातातल्या कपाकडे पाहिलं. कुठल्या म्हशीचं दूध ते त्यांना कळलं होतं.

खाली, शुक्रवारी दुपारी

खालच्या कॉलेजला प्रवेशद्वार नाही. दोन खांब आहेत, त्यांतल्या एकावर शेळ्या बांधू नयेत असं लिहिलं आहे. त्यावरून तिथे पूर्वी बांधत असावेत.

आम्ही न सांगता गेलो होतो. व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि दाजी थबकले. मधोमध एक बादली होती, आणि तीत वरून टप टप पाणी पडत होतं. बादलीवर पांढऱ्या रंगात 'मेकॅ. विभाग' असं लिहिलं होतं, खाली साठा क्रमांक. गळतीची एवढी व्यवस्थित नोंद मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पण दाजींना ते कौतुक नव्हतं. ते त्या थेंबाकडे असे बघत होते, जणू सातवीतला वर्ग आत्ता सुटणार आहे.

"चला," ते म्हणाले. "बगितलं."

"पप्पा, ही पहिली धार," ऋतुजा म्हणाली आणि सरळ यंत्रशाळेत शिरली.

आत आवाज होता. लेथ यंत्रं माझ्या वयाची असावीत, पण प्रत्येकाभोवती चार-पाच मुलंमुली वाकलेली होती. मुठी रंग उडून आरशासारख्या चकाकत होत्या. तेलकट बोळ्याने हात पुसत एक बाई पुढे आल्या. जाधव मॅडम, तिथल्या प्राध्यापिका. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही, कारण बसायला काही नव्हतं.

दाजींनी थेट विचारलं, "हितनं शिकून पोरी कुटं जात्यात?"

"बऱ्याच जणी कंपनीत लागतात. सगळ्या नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मोबाइल काढला आणि ऋतुजाला म्हणाल्या, "दोन मुलींना फोन लावून देते. ही मागच्या वर्षी नोकरीला लागली. आणि हिला अजून नोकरी नाही, घरीच आहे. दोघींशी बोल. माझ्याशी नको, मी इथली पगारी."

ऋतुजा फोन घेऊन खिडकीशी गेली. पंधरा मिनिटं बोलत होती. दुसऱ्या मुलीशी जास्त वेळ. काय बोलली ते तिने नंतर सांगितलं : दुसरी म्हणाली होती, इंग्रजी बोलायला मी घाबरले, तू पहिल्याच वर्षापासून बोल, आणि मशीनवर हात बसव, बाकी मॅडम बघतात.

मी तोवर ग्रंथालय गाठलं. खिडकीबाहेर सायकल स्टँड होता. मला माहेरी आल्यासारखं वाटलं. पुस्तकं जाड दोऱ्याने पुन्हा शिवलेली, आणि मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के, एकावर एक, जागा संपली म्हणून दुसरी चिठ्ठी चिकटवलेली. एकही पुस्तक उघडताना बोललं नाही. त्यांचं बोलून झालं होतं.

मग आम्ही गाडीत बसून परत निघालो. सोमाटणे जवळ आलं तेव्हा दाजी पुटपुटले, "बाजारात एखादाच विकणारा असा असतो, जो म्हणतो, म्हस लाथ मारती बरं का. त्याच्याकडनं डोळं झाकून घ्यावी." सुनंदाचा चेहरा खुलला. पण दाजींनी लगेच पुढे म्हटलं, "पर छप्पर गळतंय."

गोठा, शनिवार

शनिवारी साडेचारला रशीदभाई तिसऱ्या धारेसाठी आले. या वेळी टेम्पो घेऊन. थोड्या वेळाने घरातून ऋतुजाची हाक आली. होकाराचा अर्ज तिने भरला होता. आता फक्त दाजींच्या फोनवर आलेला सहा आकड्यांचा ओटीपी हवा होता. तो दहा मिनिटांत टाकला नाही तर पुन्हा मागवायचा, आणि पाचला सगळंच बंद.

दाजी चंद्रीखाली बसले होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. बादलीत धारा पडत राहिल्या. ऋतुजा लॅपटॉप हातावर तोलत गोठ्याच्या दारात आली. मागे सुनंदा, चार्जरची वायर धरून, जणू लेकीची वेणीच हातात आहे.

"पप्पा, ओटीपी."

धार चालूच.

"पप्पा, पावणेपाच झाले."

"पोरी, छप्पर गळतंय तितं. तुला कळत न्हाई. पुस्तकं भिजत्यात, मास्तर म्हणतो जा घरी, अन् माणूस जातो घरी. मग परत जात न्हाई."

मी दाजींना तीस वर्षं ओळखते. सातवीनंतर शाळेत का गेले नाहीत, हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. रशीदभाईंनी टोपी काढून पुन्हा घातली.

ऋतुजा हलली नाही. "गोठा पण गळत होता ना? गेल्या साली?"

"व्हय."

"मग तुमी म्हशी विकल्या का? पत्रा आणून टाकला ना वर?"

धार थांबली. चंद्रीने मागे वळून पाहिलं. दाजी वर, पत्र्याकडे बघत राहिले. पाऊस वाजत होता, पण आत एक थेंब नव्हता.

"आक्का," ते म्हणाले, "माझे हात वले हायत. खिशातनं फोन काढा."

मी काढला. आकडे वाचायला चष्मा लावला. पण ते म्हणाले, "तुमी नका. हिकडं धरा," आणि एकेक आकडा स्वतः मोठ्याने वाचला, सावकाश, मास्तरांनी फळ्यापुढे उभं केल्यासारखा. ऋतुजाने बोटं चालवली. पाच वाजायला नऊ मिनिटं होती. पडद्यावर हिरवी खूण आली आणि सुनंदाने चार्जर सोडून मला मिठी मारली.

रशीदभाई टेम्पोकडे बघून म्हणाले, "तीन धारा बघून मोकळा टेम्पो नेणारा मी मावळात पहिलाच."

"भाडं देतो तुमचं," दाजी म्हणाले.

"भाडं नको. चहा द्या. चंद्रीच्या दुधाचा. ती काय आता मला मिळत न्हाई." मग ते ऋतुजाकडे वळले. "आन् ते खालच्या कॉलेजच्या बाईचं नाव लिहून दे मला. नात दहावीला हाय."

चहाबरोबर सुनंदाने चारही जातींची चिक्की काढली.

लातूर

परत येऊन आता दोन महिने झाले. बातम्या फोनवर येतात. कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्याच रविवारी दाजी गोठ्याचे उरलेले तीन पत्रे, दोन भाऊबंद आणि शिडी घेऊन खालच्या कॉलेजात गेले आणि व्हरांड्याचं छप्पर नीट करून आले. सोमवारी प्राचार्यांचं पत्र आलं. त्यात विनापरवाना दुरुस्तीबद्दल लेखी खुलासा मागितला होता. त्याच पाकिटात दुसरा कागद होता, हाताने लिहिलेला. यंत्रशाळेच्या पूर्वेकडचा कोपराही गळतो, सवडीने बघता आलं तर बरं होईल. दाजींनी दोन्ही कागद गोठ्यात, चंद्रीच्या वरच्या खिळ्याला लावले आहेत. बादलीचं काय करायचं हा प्रश्न मात्र कार्यालयापुढे आहे. ती साठ्यात आहे.

काल ऋतुजाने एक फोटो पाठवला. तिने त्यावर काही लिहिलं नव्हतं. शिवून घेतलेल्या एका जुन्या पुस्तकाचं मागचं पान होतं. शिक्क्यांच्या रांगा, पुसट होत गेलेल्या तारखा, आणि सगळ्यात खाली एक ताजी, जांभळी तारीख. कडेला अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला होता. माझ्या ग्रंथालयात असा ठसा उमटवणाऱ्याला मी दंड केला असता. फोटो मात्र मी जपून ठेवला आहे.